पेटीतील चेहरे

जुन्या वळणाच्या घरांत, माळ्यावर अथवा कोठीच्या खोलीत, कधी कधी एक काळी पत्र्याची ट्रंक आढळते. तिच्या झाकणावर पांढऱ्या रंगात एक लांबलचक क्रमांक, त्यापुढे हुद्दा आणि त्याखाली नाव लिहिलेले असते. अशी ट्रंक दृष्टीस पडली, की या घरातील कोणी तरी एके काळी पलटणीत होते, असे खुशाल समजावे. ती उघडली, की डांबराच्या गोळ्यांचा वास येतो. आत खाकी कपड्यांची घडी, पितळी बटणे, नोकरीचे कागद, फडक्यात बांधलेली पदके आणि बहुधा अगदी तळाशी छायाचित्रांचे एक पाकीट असते. पदकांकडे सर्वांचे लक्ष जाते. पाकीट मात्र पुष्कळदा न उघडताच परत ठेवले जाते. कारण त्यातील माणसे कोण, हे घरात कोणालाच ठाऊक नसते.

मुलांनो, अशाच एका पाकिटाची हकीकत या पाठात सांगावयाची आहे. ते पाकीट नाशिक जिल्ह्यातील सिन्नर या गावी, देवनदीपासून फार दूर नसलेल्या एका आळीत, एका वृद्ध सैनिकाच्या घरी होते. गावातील लहानथोर त्यांना ‘पलटणवाले बाबा’ म्हणत; आपणही तेच नाव वापरू. बाबांचा जन्म 1921 सालचा. 1940 साली, म्हणजे दुसरे महायुद्ध सुरू झाल्यानंतर लवकरच, ते मराठा पलटणीत भरती झाले. बेळगावच्या केंद्रात त्यांचे शिक्षण झाले, पुढे ते समुद्रापार गेले आणि लढाई संपल्यावर 1946 साली मोकळे होऊन गावी परतले. सिन्नर हे विड्यांच्या कारखान्यांबद्दल प्रसिद्ध असलेले गाव. तेथील एका कारखान्यात त्यांनी पुढे अनेक वर्षे रात्रीचा पहारेकरी म्हणून काम केले. मी त्यांना पाहिले ते या पहारेकऱ्याच्याच वेषात. हातात कंदील, अंगात जुना लोकरी कोट. पण चालण्याचा डौल असा, की पाहणाऱ्याने वाटेतून आपोआप बाजूला व्हावे.

पाकिटात एकंदर 34 छायाचित्रे होती. बहुतेक तळहाताएवढी, काही त्याहूनही लहान. त्या काळी साध्या पेटी-कॅमेऱ्याच्या एका रिळावर आठच छायाचित्रे निघत. ती धुऊन घेण्यास पैसे पडत; म्हणून एकेक छायाचित्र विचार करून काढले जाई. काहींच्या कडा करवतीच्या दात्यांप्रमाणे नक्षीदार कापलेल्या होत्या, तर काहींच्या पाठीवर कोठल्या तरी दूरदेशच्या स्टुडिओचा जांभळा शिक्का होता. एका छायाचित्रात बाबा एका रंगविलेल्या बागेच्या पडद्यापुढे, कृत्रिम कठड्यावर हात टेकून उभे आहेत. पाठीवरील शिक्का बगदादचा. बाहेर वाळवंट आणि आत पडद्यावर कारंजी! या गोष्टीचे बाबांना म्हातारपणीही हसू येई.

या 34 छायाचित्रांपैकी 11 छायाचित्रांच्या पाठीमागे काही मजकूर लिहिलेला होता आणि तो तीन निरनिराळ्या लिपींत होता. दोहोंवर मोडी, काहींवर आपली नेहमीची बाळबोध आणि उरलेल्यांवर रोमन अक्षरांत लिहिलेली हिंदुस्थानी. याचा उलगडा सोपा आहे. त्या काळच्या शाळांतून मोडी शिकवीत असत, ती बाबा लहानपणी शिकले होते. आणि पलटणीत दाखल झालेल्या जवानांना रोमन लिपीतून हिंदुस्थानी वाचावयास व लिहावयास शिकविले जाई. एका माणसाचे सारे शिक्षण त्या छायाचित्रांच्या पाठीवर असे उमटलेले होते. पुढची बाजू पाहून झाली, की पाठ पाहावी, हा धडा मी तेथे घेतला.

मजकूर मात्र फार त्रोटक. गावांची नावे जवळजवळ नाहीतच. युद्धकाळात सैनिकांची पत्रे तपासणीखालून जात आणि आपण कोठे आहोत हे लिहिण्यास मनाई असे. तेव्हा बाबांनी गावाऐवजी खुणा लिहिल्या होत्या: ‘बर्फाचा गाव’, ‘येथे द्राक्षे खाल्ली’, ‘पूल मोडका’. नाशिक जिल्ह्यातल्या माणसाने परदेशी जाऊन द्राक्षांची नोंद करावी, याचे आज कोणास नवल वाटेल. परंतु आज दिसतो तसा द्राक्षबागांचा विस्तार आपल्याकडे त्या वेळी नव्हता, हे ध्यानात घ्यावयास हवे.

अशा अपुऱ्या खुणांवरून प्रवासाचा मार्ग कसा शोधावा? त्यासाठी छायाचित्रातील माणसांच्या अंगावरील वस्तू पाहाव्या लागतात. टोपीवरचे बिगुलाचे चिन्ह मराठा लाइट इन्फन्ट्रीचे. बाहीवर एका देठावरील तीन फुलांचे चिन्ह दिसले, तर तो सैनिक आठव्या भारतीय डिव्हिजनमधील. ही डिव्हिजन इराक व सीरिया या देशांत राहून 1943 च्या सप्टेंबरात इटलीच्या दक्षिणेकडील तारांतो बंदरात उतरली. त्या वर्षीच्या हिवाळ्यात तिने सांग्रो नदी ओलांडली, 1944 च्या मे महिन्यात कासिनोजवळील लढाईत भाग घेतला आणि मग लढत लढत ती उत्तरेकडे फ्लॉरेन्स नगरापर्यंत गेली. ‘बर्फाचा गाव’ हा त्या पहिल्या हिवाळ्यातला, असे बाबा सांगत. जन्मात प्रथमच बर्फ पाहिलेले पाच जवान एका दगडी घरासमोर उभे आहेत, प्रत्येकाच्या हातात बर्फाचा गोळा आहे, आणि तो आता कोणावर फेकावा हे प्रत्येकाच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसते आहे!

बाबांच्या छातीवरील एका फितीत पाच पट्टे होते. काळ्या-पांढऱ्या छायाचित्रात ते नुसते करडे दिसत. पण ट्रंकेतील खरी फीत बाहेर काढली तेव्हा तांबडा, पांढरा, हिरवा, पुन्हा पांढरा आणि पुन्हा तांबडा असे रंग दिसले. हे ‘इटली स्टार’ नावाच्या पदकाचे रंग. इटलीच्या ध्वजातही हेच तीन रंग आहेत. एका फितीने एक देश निश्चित झाला.

येथे एक गोष्ट सांगितली पाहिजे. त्या 34 छायाचित्रांत लढाईचे छायाचित्र एकही नव्हते. न तोफ, न धूर, न जखमी माणूस. सर्वत्र धुतलेले कपडे, विंचरलेले केस आणि हसरे चेहरे. साध्या सैनिकाजवळ गोळागोळी चालू असता कॅमेरा कोठून असणार? विसाव्याचा दिवस मिळे, जवळच्या गावात जाता येई, तेव्हा छायाचित्र निघे आणि घरी आईला काळजी वाटू नये असेच ते निघे. म्हणून अशी छायाचित्रे पाहून युद्ध ही एक सहल होती, असा समज कोणी करून घेऊ नये. त्या इटलीच्या मोहिमेत सुमारे 50,000 भारतीय सैनिक लढले आणि त्यांतील 5,782 सैनिक तेथेच मृत्यू पावले.

जे छायाचित्रांत नाही, ते ऐकावयाचे असेल तर माणसाला विचारावे लागते. 1996 च्या दिवाळीच्या सुटीत मी रोज सकाळी बाबांकडे जात असे. एका बैठकीत एकच छायाचित्र पुढे ठेवावयाचे, असा आमचा नेम होता. अनेक छायाचित्रे एकदम पुढे आली, की वृद्ध माणसाची आठवण गोंधळते. एकच असले, की ती हळूहळू उलगडत जाते. एकदा बाबांनी छायाचित्र बाजूला ठेवले आणि म्हणाले, “मास्तर, याचा फोटो नाही, पण ऐका. फ्लॉरेन्सच्या अलीकडं एका जुन्या वाड्यात आमच्या लोकांचा मुक्काम पडला होता. वाडा कसला, गढीच. आत पाहतो तर भिंतींना टेकवून ठेवलेली ही एवढाली चित्रं! गावची बायकापोरं बॉम्बच्या भीतीनं तिथंच निजलेली. साहेबांनी चित्रांवर पहारा बसवला. माझी पाळी दोन रात्री होती. आत विडी ओढायची सक्त मनाई.” मग क्षणभर थांबून ते म्हणाले, “एका चित्रात फुलांचं लुगडं नेसलेली बाई होती. ओटीत फुलं घेऊन टाकत चालली होती. ती बाई मला अजून दिसते.”

मी हे घरच्यांपाशी बोललो, तेव्हा त्यांनी मान हलविली. म्हातारपणी माणूस काहीबाही बोलतो, असा त्याचा अर्थ. परंतु बाबांचे बोलणे खरे होते. युद्धापासून बचाव व्हावा म्हणून फ्लॉरेन्सच्या संग्रहालयांतील अमूल्य चित्रे भोवतालच्या ग्रामीण भागातील वाड्यांत हलविली होती. त्यांपैकी मोंतेगुफोनी नावाच्या वाड्यात 1944 च्या जुलैअखेरीस मराठा पलटणीचा तळ पडला होता. एरिक लिंक्लेटर हा लेखक आणि व्हॉन-टॉमस हा नभोवाणीचा बातमीदार सैन्याबरोबर तेथे गेले असता, ही साधीसुधी चित्रे नव्हेत, हे त्यांच्या ध्यानी आले. त्यांत बोतिचेल्ली या चित्रकाराचे, सुमारे 1480 सालचे ‘वसंत’ हे जगद्विख्यात चित्र होते. पुढे एका पुस्तकात त्या चित्राची प्रतिमा मिळाली, ती मी बाबांपुढे ठेवली. नारिंगांची बाग, नऊ आकृती आणि उजवीकडे फुलांच्या वस्त्रातील एक स्त्री. बाबांनी चष्मा पुसला, पुस्तक उजेडाकडे धरले आणि त्या स्त्रीवर बोट ठेवले. “हीच ती.” एवढेच बोलून ते बराच वेळ पाहत राहिले.

साडेचारशेहून अधिक वर्षे जुन्या, साऱ्या युरोपाने जपलेल्या त्या चित्राभोवती पहारा देणाऱ्यांत सिन्नरचा एक शेतकऱ्याचा मुलगा होता आणि त्याच मुलाने पुढचे अर्धे आयुष्य विड्यांच्या पोत्यांवर पहारा केला. त्यांना स्वतःला यात काही विपरीत वाटत नसे. पहारा तो पहारा, असे ते म्हणत.

बाबांच्याच पलटणीत शेजारच्या संगमनेर तालुक्यातील निमज गावचे नामदेव जाधव होते. हे नाव तुम्ही ऐकले असेल; नसेल तर ऐकावयास हवे. 9 एप्रिल 1945 या दिवशी उत्तर इटलीतील सेनिओ नदी ओलांडताना ते आपल्या कंपनीचे निरोप्ये होते. नदीच्या दोन्ही काठांना पूर अडविण्यासाठी घातलेले उंच बांध होते आणि पलीकडच्या बांधात शत्रूच्या यांत्रिक तोफा दडविलेल्या होत्या. पहिल्याच माऱ्यात त्यांची तुकडी जवळजवळ गारद झाली. कंपनीचे अधिकारी आणि दोन सैनिक जखमी झाले. जाधवांनी एका जखमीला उचलून खोल पाण्यातून, बांधाच्या चढावरून, सुरुंग पेरलेल्या पट्ट्यातून सुरक्षित जागी नेले. परत जाऊन दुसऱ्यासही आणले. मग ते तिसऱ्यांदा नदीपार गेले, ते एकटेच. एक ठाणे त्यांनी बंदुकीने बंद पाडले. हाताला गोळी लागून बंदूक चालविता येईना, तेव्हा ती टाकून हातबॉम्बच्या साह्याने आणखी दोन ठाणी नष्ट केली. शेवटी बांधाच्या माथ्यावर उभे राहून त्यांनी मराठ्यांची युद्धगर्जना केली आणि मागच्या कंपन्यांना हाताने खुणावून पार बोलाविले. त्यांना व्हिक्टोरिया क्रॉस हे सर्वोच्च पदक मिळाले. 1984 साली ते निवर्तले.

“तुम्ही तो प्रसंग पाहिला का?” असे मी बाबांना विचारले. “नाही,” ते म्हणाले. “मी तेव्हा इस्पितळात होतो. मी पाहिलं नाही, तर सांगू कसं?” एखादा दुसरा असता तर चार शब्द पदरचे घालून त्याने ती गोष्ट रंगविली असती. मला वाटते, फुलांचे लुगडे नेसलेल्या बाईची गोष्ट खरी असणार, असा विश्वास मला या उत्तराने आला.

आता एक अवघड प्रश्न. ही छायाचित्रे इतकी वर्षे ट्रंकेत का राहिली? त्याचे कारण केवळ आळस नव्हे. बाबा ज्या राज्यकर्त्यांच्या सैन्यात होते, त्यांनाच ‘चले जाव’ असे देशाने 1942 साली बजावले होते. ज्या गावात स्वातंत्र्यासाठी तुरुंगात गेलेल्यांच्या तसबिरी भिंतीवर मानाने लावल्या गेल्या, त्या गावात परक्या सरकारच्या शिपायाने आपले छायाचित्र कोठे लावावे? बाबा याविषयी फारसे बोलत नसत. घरी पाच तोंडे होती आणि पाऊस पडला नव्हता, एवढेच त्यांनी मला सांगितले. 1945 पर्यंत या सैन्यातील भारतीयांची संख्या पंचवीस लाखांच्या घरात गेली होती आणि त्यांतील कित्येकांची कथा अशीच असणार. तुरुंगात गेलेल्यांचा त्याग थोर आहे, यात शंका नाही; परंतु म्हणून या माणसांनी भोगलेला हिवाळा खोटा ठरत नाही. त्यांना आपण विचारलेच नाही, ही गोष्ट मला न्यायाची वाटत नाही.

इटलीने मात्र त्यांना विचारले आहे. नाईक यशवंत घाडगे हे रायगड जिल्ह्यातील, माणगाव तालुक्यातल्या पळसगावचे. 10 जुलै 1944 रोजी टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात, सोबतचे सर्व जवान पडल्यावर त्यांनी एकट्याने शत्रूचे ठाणे जिंकले आणि लगेच गोळी लागून ते धारातीर्थी पडले. त्यांनाही व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला, तो मरणोत्तर. त्यांच्या स्मरणार्थ 2023 साली मोंतोने या इटालियन गावी एक छायायंत्र उभारण्यात आले. आपण सारे एकाच सूर्याखाली राहतो, अशा अर्थाचे शब्द त्यावर आहेत. घाडग्यांचा देह सापडला नाही. त्यांचे नाव कासिनो येथील स्मारकावर कोरलेले आहे. ज्यांची अंत्यस्थाने ठाऊक नाहीत अशा चार हजारांहून अधिक सैनिकांची नावे त्या स्मारकावर आहेत. तेथे नावे आहेत, पण चेहरे नाहीत. आणि सिन्नरच्या त्या पाकिटात चेहरे होते, पण नावे नव्हती. या दोहोंतील काही नावे आणि काही चेहरे एकाच माणसांचे असतील काय, हा विचार माझ्या मनातून जात नाही.

तुमच्या घरी अशी छायाचित्रे असतील, तर घरातील वडीलधाऱ्यांना आजच विचारा. हल्ली कोणत्याही छायाचित्राची प्रत मोबाइलने क्षणात काढता येते आणि ती अवश्य काढावी. पण प्रतीबरोबर माणसाचे नाव आपोआप येत नाही. ते विचारावेच लागते. मूळ छायाचित्राच्या पाठीवर, कडेला, मऊ पेन्सिलीने हलक्या हाताने लिहावे. शाईचे पेन वापरू नये. शाई पुढच्या बाजूस उतरते आणि दाबून लिहिल्यास चेहऱ्यावर वळ उमटतात. फाटलेल्या छायाचित्रास चिकटपट्टी लावू नये. तिचा डिंक पिवळा पडून कागद खातो. नावे डावीकडून उजवीकडे लिहावीत. उभे कोण, बसलेले कोण, हे वेगळे लिहावे. छायाचित्र कोणी काढले तेही विचारावे; कारण काढणारा त्यात कधीच दिसत नाही आणि सर्वांत आधी विसरला जातो.

बाबांनी सांगितलेले मी एका वहीत उतरवून घेत असे. 11 छायाचित्रांवर त्यांच्या हातचा मजकूर होता. आणखी 12 त्यांनी आम्हांला ओळखून दिली. नंतर त्यांची दृष्टी अधू होत गेली. छायाचित्र डोळ्यांशी धरूनही चेहरे दिसत नाहीसे झाले, तेव्हा मी वर्णन करी आणि ते आठवून पाहत. “कानावर टोपी तिरपी आहे? मग तो निफाडकडचा,” असे काही वेळा जमे, काही वेळा जमत नसे. 1998 च्या वैशाखात ते वारले. 11 छायाचित्रे उरली.

त्यांतील एकात सात जवान एका चर्चच्या पायऱ्यांवर बसले आहेत. बाबा मधोमध आहेत. ऊन डोळ्यांवर आल्यामुळे सर्वांनी डोळे बारीक केले आहेत. मागील पायरीवरील दोघे ओळखीचे निघाले. ते दुसऱ्या एका छायाचित्रात नावासह आहेत. पुढच्या पायरीवरील एकाचे नाव बाबांच्या नातवाने एका जुन्या पोस्टकार्डावरून शोधून काढले. उरलेल्या तिघांविषयी वहीत मी जे दिसते तेवढेच लिहून ठेवले आहे. पहिला: उंच, मिशा नाहीत, हातात पाव. दुसरा: कपाळावर जुन्या जखमेची खूण. तिसरा: सर्वांत लहान, बाबांच्या खांद्यावर हात, मनगटावर घड्याळ, घड्याळात चार वाजून दहा मिनिटे झाली आहेत.